शाल घालून उठवू नका

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या अनुसूचीत एक छोटी तरतूद आहे. ज्या नैसर्गिक बाजारात, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाइकं परंपरेने जमत आलेल्या जागी, पथविक्रेते पन्नास वर्षांहून जास्त काळ धंदा करत आले आहेत, तो 'वारसा बाजार' म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं ती सांगते. पन्नास वर्षं चाललेला बाजार कायद्याला दिसला, हे चांगलंच झालं. पण बाजार आपोआप पन्नास वर्षांचा होत नाही. कुणीतरी रोज सकाळी येऊन पथारी पसरतं, पावसात प्लास्टिकचा कागद धरून बसतं, भवानी झाली नाही तरी संध्याकाळपर्यंत उठत नाही, तेव्हा तो होतो. या कुणीतरीच्या पन्नास वर्षांसाठी कायद्यात ओळ नाही. समाज म्हणून आपल्याकडे तिच्यासाठी जे आहे ते म्हणजे शाल, श्रीफळ आणि काचेचं सन्मानचिन्ह.

हस्तकलेच्या बाजारात वर्षानुवर्षं बसणारी म्हातारी विक्रेती डोळ्यांपुढे आणा. तिच्यापुढे बांबूच्या टोपल्या असतील, लाखेच्या बांगड्या असतील, कापडी बाहुल्या किंवा भरतकामाच्या पिशव्या असतील. काही वस्तू तिच्या हातच्या, बऱ्याचशा दुसऱ्यांच्या. तिचं वय झालं की कुणालातरी तिचा सत्कार करावासा वाटतो, बहुधा आठ मार्चच्या मागेपुढे. भावना खोटी नसते. पण त्या सभेतली भाषणं जरा कान देऊन ऐकावीत. 'खडतर परिस्थितीवर मात', 'अपार कष्ट', 'चेहऱ्यावरचं हसू कधी मावळलं नाही'. भाषणभर तिची गरिबी असते, तिचं काम कुठेच नसतं. चांगली टोपली कशी ओळखायची, कोणत्या गल्लीतली विणकर आता उरली नाही, गेल्या तीस वर्षांत लोकांनी काय घेणं सोडलं, हे तिला कुणी विचारत नाही. माइक तिच्यापर्यंत पोचतो तो आभारप्रदर्शनाच्या आधी, मागच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्यावर. शेवटी अध्यक्ष फार मायेने म्हणतात, 'आजी, पुष्कळ केलंत, आता आराम करा.'

हे वाक्य मला खुपतं. गवयाचा सत्कार झाला की त्याने त्याच सभेत गावं अशी अपेक्षा असते. सत्तरीतल्या डॉक्टरांचा सत्कार करून कुणी त्यांना दवाखाना बंद करायला सांगत नाही. हिच्या सत्कारात मात्र तिने उठावं असं सुचवलेलं असतं. आणि ती उठली की तिची पाच-सहा फुटांची जागा मोकळी होते. त्या जागेवर डोळा ठेवून असलेली माणसं बहुधा व्यासपीठाच्या आसपासच असतात. सत्कार आणि निरोप समारंभ यांत आपण गल्लत करतोय, आणि ही गल्लत नेहमी एकाच थरातल्या माणसांच्या बाबतीत होते.

मुळात ती काय करते हेच आपल्याला नीट माहीत नसतं. 'घडवणारे वेगळे, ही नुसती विकते,' असं सहज म्हटलं जातं. या 'नुसती'मध्ये काय काय दडलंय ते जरा उलगडून बघू.

बांबू ओला असताना विणलेली टोपली बाजारात येते तेव्हा घट्ट दिसते आणि वाळली की सैल पडते. गिऱ्हाइकाला हे घरी गेल्यावर कळतं. विक्रेतीला टोपली हातात घेताक्षणी, काठावर अंगठा दाबला की कळतं, आणि ती विणणारीला तिथल्या तिथे सांगते की ही परत ने. म्हणजे दर्जा राखणारी पहिली चौकी तीच. मग गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं. पिशवीचा बंद खांद्यावरून घसरतो, बांगडीचा रंग घामाने उतरतो, बाहुलीचे मणी पोर तोंडात घालतं. ही सगळी बोलणी खाते ती, आणि तीच ती कारागिराच्या घरापर्यंत नेते, पुष्कळदा बोचणार नाहीत अशा शब्दांत. पुढच्या खेपेला बंद रुंद होतो, मणी जाऊन तिथे टाके येतात. आपण ज्याला 'परंपरा काळानुरूप बदलली' म्हणतो, तो बदल अशा निरोपांमधून झालेला असतो. निरोप पोचलाच नाही तर कारागीर गेल्या वर्षीचाच माल करत बसतो आणि तो कुणाच्या तरी अंगावर पडतो.

बहुतेक वेळा तो तिच्याच अंगावर पडतो. विकलं की पैसे देईन अशा बोलीवर माल घेतला तर कारागिराचा तगादा तिच्या मागे. रोख देऊन घेतला तर पावसाळ्याचे चार महिने तिचे पैसे टोपल्यांमध्ये अडकलेले. यंत्राने बनवलेली नक्कल शेजारच्या दुकानात निम्म्या किमतीला आली की भाव धरून ठेवायचा की सोडायचा, हा निर्णय तिला रोज घ्यावा लागतो. तो एकटीचा नसतो. तिने भाव पाडला तर तिच्यामागची आठ-दहा घरं तेवढीच खाली जातात. आणि आपण काय करतो? तिला मावशी म्हणतो. एकदा मावशी म्हटलं की घासाघीस करायला तोंड मोकळं होतं. मॉलमध्ये कुणी कुणाला मावशी म्हणत नाही, आणि छापलेला भाव मुकाट मोजतो.

आणखी एक काम आहे, त्याला नाव नाही. बाजारात नवी आलेली पोर कुठे बसली तर भांडण होणार नाही, अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी आली की काय बोलायचं, कुणाच्या तान्ह्या बाळावर दुपारी कोण नजर ठेवणार, कुणाच्या घरी आजारपण आहे म्हणून आज तिचा माल आपल्या पथारीवर मांडायचा. हे सगळं ठरवणारी एक म्हातारी प्रत्येक जुन्या बाजारात असते. ती गेल्यावर बाजार तुटत नाही, पण त्यात कुरबुरी वाढतात, आणि का वाढल्या ते कुणाला सांगता येत नाही.

आपली सन्मानाची व्यवस्था मात्र फक्त हात बघते. कारागिरांसाठीचे राष्ट्रीय पुरस्कार १९६५ पासून आहेत, 'शिल्पगुरू' २००२ पासून. ते असायलाच हवेत. स्वातंत्र्यानंतर हस्तकलेला उभं करण्यासाठी कमलादेवी चट्टोपाध्याय, पुपुल जयकर यांच्यासारख्यांनी जे केलं त्यामुळेच आज या वस्तूंना बाजार तरी आहे. पण त्या इतिहासातलीच एक गोष्ट माझ्या मुद्द्याला नेमकी लागू पडते. १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकला मंडळाने भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला बिहारच्या मिथिला भागात पाठवलं. भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिला, चित्रं विक्रीसाठी बाहेर नेण्याची वाट करून दिली. पुढे जगदंबा देवींना १९७५ मध्ये, सीता देवींना १९८१ मध्ये आणि गंगा देवींना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. कुलकर्णींचं नाव आजही आदराने घेतलं जातं, आणि घ्यायलाच हवं. घडवणारा हात आणि विकत घेणारा हात यांच्यामध्ये कुणीतरी ये-जा केल्याशिवाय कला जगत नाही, याची ती साक्ष आहे. फक्त हीच ये-जा मंडळाने पाठवलेल्या चित्रकाराने केली तर तिची इतिहासात नोंद होते, आणि डोक्यावर गाठोडं घेऊन एखादी बाई चाळीस वर्षं करत राहिली तर ती 'विक्रेती' ठरते. पुरस्काराच्या अर्जात तिला भरता येईल असा रकानाच नाही.

याचा फटका मानापुरता नाही. हलाखीतल्या वयोवृद्ध कारागिरांना केंद्राकडून जी मासिक मदत मिळते ती पुरस्कारप्राप्त कारागिरांना. म्हणजे पुरस्कार नाही तर तीही नाही. असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये 'श्रम योगी मानधन' योजना आली, साठीनंतर महिना ३,००० रुपये देणारी. तिच्यात नाव नोंदवायचं वय १८ ते ४०. योजना आली तेव्हा जी पासष्ट वर्षांची होती तिने काय करायचं? उरलं दारिद्र्यरेषेखालच्यांचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन. त्यात केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये, ८० नंतर ५००. राज्यं त्यात आपापली भर घालतात. अध्यक्ष 'आराम करा' म्हणतात तो आराम या आकड्यांवर करायचा आहे.

वरून सन्मान आणि खालून पायाखालची जमीन काढून घेणं, हे फक्त आपल्याकडेच होतं असं मात्र नाही. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनात चार्ल्सटनजवळ गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी 'स्वीटग्रास' नावाच्या गवताच्या टोपल्यांची कला जपली. मुळात भात पाखडायची ती टोपली, आपल्या सुपाची दूरची बहीण म्हणा. १९३० च्या सुमारास महामार्ग १७ च्या कडेला या बायकांनी लाकडी मांडव टाकून विक्री सुरू केली. मेरी जेन मॅनिगॉल्ट यांना १९८४ मध्ये तिथला राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला, मेरी जॅक्सन यांना २००८ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप हा तिथला मानाचा पुरस्कार. २००६ मध्ये राज्याने ही टोपली आपली अधिकृत राज्य-हस्तकला ठरवली. त्याच काळात किनाऱ्यावर फाटकबंद वसाहती उभ्या राहिल्या आणि गवत त्यांच्या कुंपणाआड गेलं. रस्ता रुंद होत गेला तसे मांडव मागे सरकले. राज्याची कला म्हणून मिरवायची टोपली, आणि तिचं गवत कापायला जायचं तर वाटेत पहारेकरी.

मला हवा असलेला सन्मान जिथे थोडाफार दिसतो ती जागा आपल्याच देशात आहे. इंफाळचा इमा कैथेल. 'इमा' म्हणजे आई. हजारो बायका तिथे बसतात, पुरुष विक्रेता नाही. हातमागाचं कापड, मातीची भांडी, मासे, भाजी, सगळं एकाच बाजारात. १९३९ मध्ये टंचाई असताना तांदूळ मणिपूरबाहेर जात होता. त्याविरुद्ध उठलेल्या 'नुपी लान'मध्ये, म्हणजे बायकांच्या लढ्यात, या बाजारातल्या विक्रेत्या पुढे होत्या. बाजार ही सार्वजनिक जीवनाची जागा आहे आणि तिथे बसणारी बाई ही नागरिक आहे, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तिथली एक साधी रीत. इमाची जागा तिच्यानंतर तिच्या मुलीकडे किंवा सुनेकडे जाते. म्हातारपणी ती उठते तेव्हा जागा जात नाही. उलट बरीच वर्षं दोघी शेजारी बसतात, आणि धंदा असा बसूनच शिकला जातो.

आता आपला कायदा बघा. विक्रेती मरण पावली, कायमची अपंग झाली किंवा आजारी पडली तर तिच्या जागी जोडीदार, तो नसेल तर अवलंबून असलेलं मूल बसू शकतं, तेही तिच्या विक्री प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत. सत्तर वर्षांची विधवा, मुलगा कारखान्यात, मुलगी लग्न होऊन शेजारच्या वस्तीत, आणि गेली बारा वर्षं रोज तिच्याबरोबर बसणारी सून. या यादीत सून नाही. लग्न झालेली, कमावती मुलगीही 'अवलंबून' या शब्दात बसत नाही. नात्यातली नसून हाताखाली तयार झालेली शेजारीण तर दूरच. म्हणजे ज्या माणसाकडे तिचं ज्ञान खरोखर गेलंय, नेमकं तेच माणूस कायद्याच्या बाहेर. दरम्यान जागा भाड्याने द्यायची नाही ही अट आहे, आणि ती अट बरोबरच आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जागा वारशाने दिली तर बाजार म्हणजे काही घराण्यांची मिरास होईल. आधीच जुन्या विक्रेत्या नव्यांना बसू देत नाहीत, कारागिरांना उधारीत अडकवून ठेवतात, अशाही असतात. खरं आहे. वय झालं म्हणून माणूस आपोआप थोर होत नाही, बाजारातलं तर नाहीच. इंफाळमध्येही परवाना असलेल्या आत बसतात आणि परवाना नसलेल्या बाहेर रस्त्यावर, उन्हापावसात. त्यांचा प्रश्न वेगळा आणि तितकाच खरा आहे.

दुसरं टोकही बघून घेऊ. अमेरिकेतल्या सांता फे शहरात 'पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स' या जुन्या वास्तूच्या पडवीत मूलनिवासी कारागीर आपल्या वस्तू मांडतात. तिथे जागा कुणाच्याच मालकीची नाही. विक्रेते जास्त आले तर सकाळी चिठ्ठ्या टाकतात. वस्तू स्वतःची किंवा घरातल्या माणसाची बनावट असली पाहिजे, आणि ती तशी आहे का हे विक्रेत्यांनीच निवडलेली समिती तपासते. कुणाची मिरास नाही, आणि तरी अस्सलपणाचा न्यायनिवाडा विक्रेत्यांच्याच हातात आहे. मला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची वाटते. दिल्ली हाट या हस्तकलेच्या बाजारात १९९४ पासून गाळे पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने मिळतात. देशभरातल्या कारागिरांना संधी मिळावी म्हणून ते योग्यच आहे. पण पाळीने चालणाऱ्या बाजारात म्हातारी होण्याइतकं कुणी टिकत नाही. तिथे वस्तू भेटतात, वस्तूची गोष्ट माहीत असलेलं माणूस दरवेळी भेटेलच असं नाही.

म्हणून मधला रस्ता काढावा लागेल, आणि तो फार अवघड नाही. जागा तिची मालमत्ता मानू नये. ती असेपर्यंत आणि तिला बसावंसं वाटेपर्यंत मात्र तिला तिथून कुणी हलवू नये. बाजार बांधायला काढला, रस्ता रुंद केला, तरी पहिली पर्यायी जागा तिला. तिच्यानंतर तिच्याबरोबर काही ठरावीक वर्षं प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला अर्ज करता यावा, मग ती सून असो, मुलगी असो वा शेजारीण. तशी ती बसत होती याची साक्ष बाजारातल्या इतर विक्रेत्यांनी द्यावी. त्यांच्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार? जपानने १९५० च्या कायद्यातून 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ही कल्पना आणली, तीही कलावंत आणि कारागीर यांच्यापुरतीच. पण त्या मानकऱ्याला दरवर्षी मिळणारे २० लाख येन पुढची पिढी तयार करणं आणि कला जपणं यासाठी असतात. तिथे मान मिळाल्यावर काम सुरू होतं. आपल्याकडे विक्रेतीला मिळालेला मान म्हणजे बहुधा कामाचा शेवट.

आणि नगर पथविक्रेता समिती, म्हणजे शहरातल्या पथविक्रीच्या प्रश्नांसाठी याच कायद्याने नेमायची समिती. कायद्याने तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांतल्या एक तृतीयांश बायका. गणित केलं तर शंभरातल्या साधारण तेरा. या तेरांत एखादी जागा बाजारातल्या सगळ्यात जुन्या विक्रेतीला दिली तर कुठल्या गल्लीत वाहतूक खरोखर अडते आणि कुठे फक्त अडते असं सांगितलं जातं, हे सभेत कुणीतरी ठामपणे बोलेल. सोदान सिंग खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर विक्री करणं हा, वाजवी निर्बंधांसह, व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला. समितीवरची खुर्ची म्हणजे कुणाची मेहेरबानी होणार नाही.

तिच्याजवळचं ज्ञान टिपून ठेवण्याबद्दलही बोललं जातं. विद्यार्थी येतात, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतात, दोन तास घेतात, जाताना पाया पडतात. एवढं करावं की त्या दोन तासांचे पैसे द्यावेत. पाहुण्या व्याख्यात्याला देतो ना, तसेच. ती ज्या वस्तूंबद्दल बोलली त्या कुणाच्या हातच्या होत्या, ते तिच्याच तोंडून लिहून घ्यावं. तिच्या पथारीवरच्या निम्म्या कारागिरांची नावं दुसरीकडे कुठेच लिहिलेली नसतात, कारण तिने घेतलेला माल कधी पावतीवर गेलेलाच नसतो.

एवढं सगळं करूनही कुणाला समारंभ करायचाच असेल तर जरूर करावा. शालीबद्दल माझी तक्रार नाही, पहाटेच्या थंडीत ती अंगावर घ्यायला बरी. फक्त तिला सभागृहात बोलावू नका, तुम्हीच बाजारात या. मानपत्राबरोबर नव्या मुदतीचं विक्री प्रमाणपत्र आणा, आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या पोरीचं नाव नोंदवायचा अर्जही. आणि एक, रविवार सोडून कुठलाही वार धरा. रविवारी तिला गिऱ्हाइकांतून मान वर करायला सवड नसते.